शेवटच्या मुहूर्ताची नवरी

वाघजाईच्या डोंगरा, धुकं उचलू नको रे
माझ्या राजसाच्या डोळां, ऊन दाखवू नको रे

पहाटे कुणीतरी जात्यावर गात होतं. आवाज म्हाताऱ्या बाईचा, पण सुरात कुठे खोट नव्हती. मी अंथरुणात उठून बसले. खिडकीला बाहेरून धुकं लागलं होतं आणि आतून काळा कागद.

"आक्का, कोण गं गातंय?" शेजारून सगुणानं पांघरुणाच्या आतूनच विचारलं.

"तुझी सासू."

"सरदारांची आई जात्यावर बसते?"

"बसते खरी. उद्यापासून तुला बसवेल."

"मला ओवी येत नाही म्हणून परत पाठवतील," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. पण कान ओवीकडेच होते. आपलं लेकरू उन्हात खेळावं, उन्हानं त्याचे गाल तांबडे व्हावेत, असं गाणाऱ्या आया मी ऐकल्या होत्या. लेकाला ऊन दाखवू नको म्हणणारी ही पहिलीच.

आज माझ्या डोईचा कापूस झालाय. त्या घाटातून आता मोटारी जातात म्हणे. पण तो आवाज अजून माझ्या कानातून उठलेला नाही.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून मुंबईत रोषणाई झाली, त्या सालची ही गोष्ट. मी ठकू, चोविसाव्या वर्षी कपाळ पांढरं घेऊन माहेरी बसलेली. सगुणा माझी धाकटी बहीण, एकोणीस संपत आलेलं. घरात विधवा असली की धाकटीच्या लग्नाला उशीर होतोच. अशात ज्येष्ठ सरताना मोरघाटच्या सरदारांकडून मागणी आली. श्रीमंत तुळाजीराव मोरघाटकर. घाटमाथ्यावर एका साहेबाकडून घेतलेला त्यांचा बंगला, दोन घोड्यांची बग्गी, घरात फक्त आई. आधीच्या दोन बायका क्षयानं गेलेल्या. हुंडा नको, मानपान नको. अट एवढीच की लग्न त्यांच्या दारी होईल आणि ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तावर होईल, गोरज वेळेला.

"एवढी घाई का म्हणतात?" मी आबांना विचारलं होतं.

"पुढे चातुर्मास लागतो. मग कार्तिकापर्यंत मुहूर्त आहे कुठे?" आबा म्हणाले. "आणि तू मोडता घालू नकोस, ठकू."

गंमत अशी की पाठराखीण म्हणून थोरलीलाच पाठवा, असा त्या आईसाहेबांचाच निरोप आला. नव्या नवरीबरोबर कुणी विधवा पाठवत नाही. आबांना वाटलं, मोठ्या घरचं मोठं मन.

तिसरं लग्न लाभत नाही म्हणून तिजवराचं आधी रुईच्या झाडाशी लग्न लावतात, म्हणजे खरी नवरी चौथी ठरते. तसंच केलं. अंगणात कुंडीत रुई होती, जाड पानांची, जोमदार. तुळाजीरावांनी तिला हळदीचा दोरा बांधला. मग दिवस मावळताना सगुणेचं लग्न लागलं. नवरा देखणा होता. गोरा, बारीक मिशीचा, बोलणं मऊ. मंडपात बायका कुजबुजत होत्या, पोरीनं नशीब काढलं.

नंतर सूनमुख. सासू मध्ये बसते, एका बाजूला सून, एका बाजूला मुलगा, आणि ती सुनेचं तोंड आरशात पाहते. सासू विधवा असेल तर तिच्या जागी दुसरी सवाष्ण बसते, पण आईसाहेब स्वतःच बसल्या. आरसा आमच्याकडून न्यावा लागला होता. त्या घरात आरसा नव्हता. मला मंडपात जायला मनाई, म्हणून मी मागे कोठीच्या दारात उभी होते. सगळ्या बायका समोरून पाहत होत्या. मागून पाहणारी मी एकटीच.

आईसाहेबांनी आरसा वर धरला. त्यात आधी त्यांचं तोंड दिसलं. मग सगुणेचं, लाजून खाली गेलेलं. आरसा जरा कलला, आणि तिसऱ्या जागी मुंडावळ्या दिसल्या. नुसत्या. मोगऱ्याच्या दोन सरी हवेत लोंबत होत्या आणि त्यांच्या मागे मंडपाचा खांब दिसत होता.

मी दाराची चौकट धरली. आरशातून आईसाहेबांची नजर माझ्या नजरेला मिळाली. त्यांनी आरसा पालथा करून मांडीवर ठेवला आणि सगुणेच्या तोंडात साखर घातली.

बोलले असते, तर लग्नात पांढऱ्या कपाळाची बाई अभद्र बोलली असंच झालं असतं. आबा पहाटेच बग्गीनं परत गेले. आभाळ उतरायच्या आत घाट ओलांडायला हवा होता.

त्या पहिल्या सकाळी मी तोंड धुवायला अंगणात आले. कुंडीतली रुई काळी पडली होती. दोरा बांधला होता तिथून खाली पानं कोमेजून मऊ चिंधीसारखी लोंबत होती. शेजारी स्वयंपाकीण कोंडाबाई झाडत होती.

"हिला काय झालं गं?" मी विचारलं.

"काय व्हायाचं? नवरी हाय न्हवं ती बी," कोंडाबाई म्हणाली आणि तिनं कुंडी उचलून पाठीमागे नेली.

कुलदेवीचा गोंधळ होईपर्यंत नवरी पाठराखिणीजवळ निजते, अशी रीत. गोंधळी धुक्यामुळे वर येईनात, म्हणून सगुणा माझ्याजवळच होती. पण दिवेलागणीला तुळाजीराव यायचे, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसायचे. मी तिथेच असायचे, वाती वळत. ते तिला माहेरच्या गोष्टी विचारायचे. विहीर केवढी होती, आंबा कोणत्या दारी होता. ती सांगायची. मग माझ्या पापण्या जड व्हायच्या. कितीही चिमटे काढले तरी व्हायच्या. डोळे उघडायचे तेव्हा खुर्ची रिकामी असायची आणि सगुणा भिंतीला टेकून कुठेतरी लांब पाहत असायची.

"काय गं झालं?"

"काही नाही. झोपाळ्यावर बसल्यासारखं वाटतं बघ, आक्का. उंच गेलेल्या. पाय खाली लागत नाहीत."

बुधवारी तिची पाटली हातातून घसरून पडली. आणखी दोन दिवसांनी केस विंचरताना मी तिचं डोरलं बाजूला सारलं. मण्यांच्या खाली, गळ्याच्या शिरेवर, दोन टिपके होते. उंदीर चावल्यासारखे, पण कडा पांढऱ्या, धुतलेल्या. माझ्या हातातली फणी खाली पडली.

"हे काय?"

"कशाचं?" तिनं गळ्याला हात लावला. "मण्यांनी काचलं असेल. आक्का, दिवे लागायला किती वेळ आहे गं?"

मी कोंडाबाईला चुलीपुढे गाठलं. "आधीच्या दोघी कशानं गेल्या?"

"खोकल्यानं. सांगितलं न्हवं तुमास्नी?"

"खोकताना तू ऐकलंस?"

ती भाकरी थापता थापता थांबली. "न्हाई बाई. खोकली न्हाई कुनी. गोऱ्या गोऱ्या होत गेल्या. मला वाटायचं सुखानं उजळल्या. दोघीबी ज्येष्ठातच आल्या. श्रावणात माहेरचं बोलावनं यायचं, पर घाट बंद. दसऱ्याला वाट उघडायची तवर..." तिनं हात झटकला. "इथं ज्येष्ठ सरला की चार महिने सूर्य दिसत न्हाई. त्यातच आमच्या सरकारास्नी जरा बरं वाटतं. डोळ्याचा आजार हाय त्यास्नी. मोठ्या तापातनं उठले तवापासून. आईसाहेबांनी दार लावून घेतलं, एकल्या बसल्या उशाला, आन् मरनाच्या दारातनं लेक वढून आनला."

मला तेव्हा तो मुहूर्त कळला. पंचांगातून नव्हे, डोंगराच्या धुक्यातून काढलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगुणेला उठवलं. "चल. देवीला जाऊन येऊ." घाटात खाली चौकी होती, तिथे शिपाई असतात. तिथवर पोचलो की कुणीतरी डोली देईल. ती चालत नव्हती, मी तिला खांद्यावर घेतल्यासारखी ओढत होते. बंगल्याचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसलं नाही, इतकं धुकं. दुपार असून संध्याकाळ होती. करवंदीच्या जाळ्यांवरून थेंब टपकत होते, बाकी सगळं मुकं.

फाटक उघडलं आणि पलीकडे ते उभे होते. डोक्याला काही नाही, पायांत जोडे, हात मागे बांधलेले. जणू फिरायला निघालेत.

"आक्कासाहेब," ते म्हणाले, "धुक्यात वाट चुकते. मागल्या साली एक गुराखी असाच गेला. कुठे निघालात?"

"देवीला." मी म्हणाले.

"मग मला सांगायचं. मी नेलं असतं."

ते जवळ आले. मी त्यांचं तोंड पहिल्यांदाच दिवसाच्या उजेडात पाहिलं. गार पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब जमतात, तसे त्यांच्या गालांवर थेंब जमले होते. कपाळावर, पापण्यांवर, ओठांवर. ते पुसत नव्हते. त्यांना ते लागतच नव्हते. माझ्या अंगावर असा एक थेंब नव्हता, कारण माझं अंग ऊन होतं.

"सगुणाबाई," त्यांनी हाक मारली. अगदी मायेनं मारली, तेच भयंकर होतं. "दमलात तुम्ही. या."

आणि माझ्या खांद्यावरची सगुणा, जिच्यानं पाऊल उचलवत नव्हतं, ती सरळ झाली. मी तिचा हात घट्ट धरला होता. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या हातातलं खेळणं काढून घ्यावं तशी, न रागावता. आणि ती त्यांच्याकडे गेली.

"उगाच हट्ट करू नये, आक्कासाहेब," ते मला म्हणाले. त्यांचे डोळे ओले वाटले, पण तेही धुकंच असेल. "मी त्यांना त्रास देत नाही. मला फक्त त्यांच्याजवळ बरं वाटतं."

मी पळाले नाही. मी त्या दोघांच्या मागे चालत परत आले.

सगुणा अंथरुणावर पडली ती पडलीच. हाक मारली तरी ओ देईना. नाकापुढे सूत धरलं तर जेमतेम हलायचं. मी तिच्या तळव्यांना सुंठ चोळली, देवाची नावं घेतली, घरच्या सगळ्या मेलेल्यांना हाका मारल्या. मग उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आज रात्र सरण्याआधी ती जाणार होती, हे मला कुणी सांगायला नको होतं.

आईसाहेब चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या. परातीत पीठ, हातात चाळण. कोंडाबाईला त्यांनी घरी पाठवलं होतं.

"बसा, ठकूबाई," त्या म्हणाल्या. वर पाहिलं नाही. "आरशात काय पाहिलंत?"

"जे तुम्ही पाहिलंत तेच."

"आम्ही तीनदा पाहिलं. दर सूनमुखाला वाटायचं, या खेपेला दिसेल." चाळण थांबली. "तुम्हाला बोलावलं ते मुद्दाम. घरात कुणीतरी डोळ्यांची बाई हवी होती. आमचे आम्ही बंद करून घेतलेत."

"माझी बहीण मरतेय, आईसाहेब."

"माहीत आहे."

"मग थांबवा त्यांना."

"कसं थांबवू? तो वाईट नाही हो. लहानपणी मुंगी चिरडली तर रडायचा. त्याला वाटतं, तो आजारी आहे. आम्हीच तसं सांगितलं. आरसे फोडले, काचा काळ्या केल्या, त्यानं स्वतःला पाहू नये म्हणून." त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्यापुढे धरलं. त्यावर जुना व्रण होता. "दार लावून आम्ही बसलो होतो. तो गार होत चालला होता. आम्हाला वाटलं, भुकेला असेल. तान्हा असताना दूध मिळेपर्यंत आमचं बोट चोखायचा. हे बोट आदल्या दिवशी जात्याच्या खुंट्यानं सोललं होतं, पुन्हा रक्त येत होतं. ते आम्ही त्याच्या ओठांत दिलं. तो चोखायला लागला. कोणती आई ते बोट काढून घेईल, सांगा."

चुलीत लाकूड सरकलं.

"सुतक धरलंत?" मी विचारलं.

"नाही."

"रडलात?"

"रडायचं कशाला? उठून बसला होता."

मी त्यांच्याजवळ सरकले. विधवेनं सवाष्णीच्या घरच्या चुलीजवळ सरकू नये, पण त्या घरात सवाष्ण म्हणजे आत मरायला टेकलेली सगुणाच होती.

"आईसाहेब, माझे मालक नदीला गेले ते परत आले नाहीत. सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला कुणी सांगेना. मी दोन्ही वेळा ताट वाढायची. आणि खरं सांगते, ते जेवायला यायचे. ताटातला भात हललेला असायचा. रात्री दाराशी ओली पावलं उमटायची. मी वाळत चालले. मग माझी आई आली. तिनं मला मिठीत घेतलं नाही की काही नाही. उंबऱ्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, ठकू, तो गेला. मला सांगितलं, की दाराबाहेरच्या त्याला सांगितलं, देव जाणे. पण त्या दिवसापासून ताटातला भात हलला नाही."

त्यांनी चाळण परातीत ठेवली.

"तुळाजीरावांना कुणी सांगितलंच नाही," मी म्हणाले. "कुणी सांगावं? मी सांगितलं तर परक्या बाईचे शब्द. ते हसतील."

"आमच्या तोंडून निघणार नाही ते."

"मग माझ्या बहिणीच्या तोंडून श्वास निघणार नाही."

बराच वेळ त्या परातीतल्या पिठावर हात फिरवत होत्या. मग त्यांनी ओंजळभर पीठ पाटाशेजारी जमिनीवर ओतलं आणि त्याचा लहानसा ढीग केला. कोनाड्यातली पणती त्यावर ठेवली. तेल घातलं. वात लावली आणि तिचं तोंड दक्षिणेला फिरवलं. माणूस गेल्यावर ते गेलं त्या जागी ठेवतात, तसा दिवा. वात एकदाही हलली नाही.

दिवेलागण झालीच होती. बाहेर जोडे वाजले. ते सगुणेच्या खोलीकडे निघाले होते, वाटेत उजेड पाहून दारात थांबले.

"आईसाहेब, आज इथे दिवा?" आणि मग नीट पाहून, हळू आवाजात, "वात अशी का? घरात कुणी गेलं?"

त्यांनी खोलीच्या दिशेनं कान दिला. "सगुणाबाई तर आहेत अजून. त्यांचं काळीज मला इथून ऐकू येतंय." ते दिव्याकडे वळले. "मग कुणासाठी आहे हा?"

आईसाहेबांचे ओठ हलले. मी त्यांचा हात धरला.

"बसा," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. डोळे मिटून उघडले. "बस. जवळ बस, बाळा."

तुळाजीराव दचकले. मिसरूड फुटल्यापासून त्यांना त्या घरात कुणी तू म्हटलं नसावं. ते पिठाच्या ढिगापलीकडे मांडी घालून बसले. उजेड त्यांच्या तोंडावर पडला आणि मागच्या भिंतीवर सावली पडली नाही.

"तुला ताप आठवतो?"

"आठवतो ना. तुम्ही उशाला होता."

"माघातली पहाट होती. तू पाणी मागितलंस. मी पळीनं तुझ्या ओठांत घातलं. ते पाणी गालावरून खाली आलं. तू गिळलं नाहीस."

"मग मला बरं वाटलं," ते म्हणाले. लहान पोर गोष्ट पुढे सांगतं, तसे. "बरं वाटलं ना, आई?"

"नाही रे. बरं वाटलं ते मला."

त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. नखं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मी नजर खाली घातली नाही. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. भूक त्यातून उतरत गेली आणि खाली एका आजारी तरुण मुलाचं तोंड राहिलं, घाबरलेलं.

"आई, त्या दोघी..." ते म्हणाले. "त्या खोकल्यानं गेल्या ना?"

आईसाहेबांनी मान हलवली. ते हो होतं की नाही, ते त्यांना कळलं.

ते पुढे वाकले आणि त्यांनी डोकं आईच्या मांडीवर ठेवलं. तिच्या लुगड्याला सुरकुती पडली नाही. आतल्या खोलीतून त्या दिवसात पहिल्यांदाच आवाज आला. सगुणा मला हाक मारत होती, कोरड्या गळ्यानं, पाणी मागत होती. मी उठले, पण दारापर्यंत जाऊन थांबले. आईसाहेब त्यांच्या केसांतून बोटं फिरवत होत्या आणि आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, इतक्या वर्षांचं.

"सांग ना, आई," ते म्हणाले. आवाज जवळजवळ उरला नव्हता. "दिवा कुणासाठी आहे?"

"तुझ्यासाठी, तुळाजी. माझा मुलगा मेला. तू मेलास, बाळा, माझ्या मांडीवर मेलास, आणि मी तुला सांगितलं नाही."